चुकल्या तारखेची मारबत

पहिलं बोट मोडलं तेव्हा वाळली कामटी मोडावी तेवढाच आवाज झाला. प्रज्वल ओरडला नाही. ओठ सुजून एकमेकांवर बसले होते. त्यांच्या फटीतून एक लांब हवा बाहेर आली आणि तिच्यासोबत थोडं रक्त हनुवटीवर उतरलं.

"आता सांग," वैभव म्हणाला. "कोणी पुसलं?"

"कोणीच नाही पुसलं भाऊ... मले एकदा पाहू तर द्या."

वैभवनं धोटा पुन्हा उचलला. बापाचा धोटा. शिसमाचा, तळहाताखाली झिजून लोण्यासारखा झालेला, दोन्ही टोकांना लोखंडाची चोच. जन्मभर तो ताण्यातून मासोळीसारखा इकडून तिकडे पळाला आणि त्याच्यामागे लुगडी उभी राहिली, कुण्या लेकीबाळींच्या अंगाला लागली. आज त्याला दुसरं काम मिळालं होतं.

तांडापेठेतल्या त्या लांबट खोलीत वैभवच्या बापाचे, जागेश्वरचे, चार हातमाग. दारापासल्या मागाच्या खांबाला प्रज्वलला सुताच्या दोरीनं आवळलेलं, उजवा पंजा लाकडी पट्टीवर बांधलेला. बाहेर गल्लीत गुलाल उडत होता आणि ढोलांनी भिंतीतली माती हलत होती. पोळ्याची कर, म्हणजे नागपुरात मारबतीचा दिवस. कागदाबांबूची भली थोरली बाई मिरवत न्यायची, घराघरातली रोगराई, कटकट, दळभद्र तिच्या माथी द्यायचं आणि गावाबाहेर तिला पेटवायचं. तिच्यामागून गल्लोगल्लीचे बडगे, हे बाप्ये पुतळे, नाचत जातात.

"रस्त्यातले खड्डे घेऊन जाय वं मारबत!"

"माह्या सासऱ्याले बी घेऊन जाय वं मारबत!"

हसण्याची एक लाट यायची, तिच्यावर ढोल आदळायचे.

सकाळी अशाच हसण्याच्या लाटेत, याच खोलीच्या पायरीवर, जागेश्वरच्या डोक्यात काहीतरी बसलं. मिरवणूक पुढं गेली आणि म्हातारा खाली राहिला. आता रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्याचं डोकं उघडलेलं होतं.

दारावर कॅमेरा होता. रेशमाच्या लडी चोरीला जायला लागल्या तेव्हा प्रज्वलनंच एक जुना कॉम्प्युटर आणून खोलीच्या कोपऱ्यात बसवला होता. त्यात लिनक्स टाकलं, दारावरचं चित्र रात्रंदिवस साठवत राहील अशी तजवीज केली, पासवर्डही त्याचाच. आज वैभवनं साठवणीची यादी उघडली तर कालपर्यंतचं सगळं हजर आणि आजचं काहीच नाही. त्यात सकाळी रक्तानं भिजलेला शर्ट घालून पळताना लोकांनी पाहिला तो श्रीधर, प्रज्वलचा मोठा भाऊ. आदल्याच संध्याकाळी, बडग्या कोणाच्या दारात उभा करायचा यावरून त्यानं जागेश्वरची कॉलर धरली होती. एका भावानं मारलं, दुसऱ्यानं पुसलं. गल्लीला एवढं पुरेसं होतं. दारात दहाबारा पोट्टे उभे होते, एकाजवळ पेट्रोलची बाटली. श्रीधरच्या घरावर जायचं ठरलेलंच होतं, फक्त प्रज्वलच्या तोंडून कबुली निघायची राहिली होती.

"दादा."

दारातली गर्दी खांद्यानं फाडत प्रणाली आत आली. वैभवची धाकटी बहीण. सीताबर्डीवर एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. बापाला दवाखान्यात नेताना ओढणीवर लागलेलं रक्त वाळून, खळ दिलेल्या सुतासारखं कडक झालं होतं.

"काजल वहिनी बसली हाय दवाखान्यात. ऑपरेशन सुरू हाय अजून," ती म्हणाली. मग तिला ते बोट दिसलं. भलत्याच दिशेला बघणारं. "हे काय करून राहिला तू?"

"विचारून राहिलो."

"बोटांले?"

"तोंडानं सांगत नाही ना तो!" दारातून कोणीतरी ओरडलं.

"यानं पुसलं," वैभव म्हणाला. त्याचे डोळे गुलालानं लाल होते की रडून, कळत नव्हतं. "आजचं काहीच नाही मशीनमंदी. पाय तूच."

"नसलं म्हणजे पुसलंच का? कापडात धागा नसला तर तो तुटला, का भरायचाच राहिला, का कोणी कापला, हे बाबा आधी पायत. मंग बोलत."

"मले शाळा नको शिकवू."

"मले बसू दे फक्त. मशीनचा एखादा भाग गेला अशीन तर तो हातानं कळते. कोणी आत घुसून पुसलं अशीन तर त्याची खूण राहते. खूण सापडली तर मीच सांगतो तुले. लपवणार नाही." ती प्रज्वलकडे बघत नव्हती. "तोवर त्याले हात नाही लावायचा."

बाहेर दुसरी, मागून येणारी काळी मारबत चौकाच्या अलीकडे अडकली होती. वैभवनं तिकडे मान वळवली. "ते चौकातून वळली का पोट्टे माह्यानं थांबणार नाहीत. तोवर पाय."

त्यानं धोटा ठेवला आणि कोपऱ्यातला बांबू उचलला. सकाळी मिरवणुकीत त्याच्याच हातात असलेला, बडग्यासाठी वाट काढायचा लांब बांबू. वरच्या टोकाला गुलालाचा थर.

प्रणाली स्टुलावर बसली. मागच्या भिंतीला टेकून भागीरथा, तिची आई, मांडीत केरसुणी घेऊन पुटपुटत होती. मागाच्या ठेक्यावर ती जन्मभर ओव्या म्हणत आली होती. आज माग बंद होते तरी ओठ थांबत नव्हते.

*मागावरती बोले बाई, माझी लाकडाची मैना,*
*तुटला धागा सांधते मी, तुटलं माणूस सांधेना.*

पडद्यावर दारातलं चित्र जिवंत दिसत होतं. पोट्टे, बाटली, वैभवची पाठ. म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा शाबूत, तारा शाबूत. प्रणालीनं कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला. तापलेला नव्हता. आतली डिस्क एका लयीत गुणगुणत होती. मरायला टेकलेली डिस्क टिचक्या मारते, दात वाजवते, तसं काही नव्हतं. आता डिस्कलाच विचारायचं, कुठं दुखते का बाई.

"पासवर्ड?"

प्रज्वलनं ओठ सोडवले. "काकूचा झुणका."

दारात कोणी फिस्कन हसलं. वैभवनं बांबूचं बूड प्रज्वलच्या पोटात घातलं. "माह्या मायचं नाव घेतो बे?"

"अरे, खरं हाय ते!" भागीरथा म्हणाली. "मशीन बसवलं त्या दिवशी झुणका खाल्ला होता त्यानं. मागून मागून खाल्ला. म्हणे, काकू, मी हे इसरनार नाही."

प्रज्वल दोरीवर दुमडून पडला होता, पण दोरी त्याला पडू देत नव्हती.

डिस्कनं उत्तर दिलं. तिला काहीच दुखत नव्हतं. एकही जागा खराब नाही.

"काय झालं?" वैभवनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. डिस्क मेली म्हणायचं, संपलं. पण प्रणाली तशी शिकलेली नव्हती. कापडातला दोष गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, मग किंमत बोलायची, असल्या घरात ती वाढली होती.

"मशीन चांगलं हाय," ती म्हणाली.

"म्हणजे मशीनची चूक नाही."

"थांब, अजून पायचं हाय मले. मशीन दिवसभर स्वतःशी पुटपुटत असते. कोण आलं, काय सुरू झालं, काय बंद झालं. कोणी पुसलं तर पुसल्याचंही पुटपुटते." तिनं ते पुटपुटणं उघडलं. कालचं होतं. आजचा एक शब्द नव्हता. थांबलो नाही, बिघडलो नाही, कोणी आलं नाही. जणू या मशीनसाठी आजचा दिवस उजाडलाच नव्हता.

"आजचं काहीच नाही," तिच्या तोंडून निघून गेलं.

"तेही पुसलं यानं."

"दादा, तसं नाही..."

वैभवनं एका ढांगेत माग गाठला. धोटा वर गेला, खाली आला. या वेळी प्रज्वल ओरडला. ढोलांच्या वर चढला तो आवाज, आणि बाहेरचे काही जण हसता हसता गप्प झाले. दुसरं बोट नखापाशी फुटलं होतं. पट्टीवरून रक्त खाली ताण्यावर गळलं आणि पांढऱ्या धाग्यांतून आडवं पसरत गेलं.

प्रणालीच्या मनात आलं, माझ्या खरेपणानं मोडलं हे बोट. ती परत पडद्याकडे वळली तेव्हा तिला अक्षरं दिसत नव्हती, डोळ्यांत पाणी होतं. अक्षरांऐवजी दिसला तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला हळदकुंकवाचा वाळलेला ठसा.

या घरी बैल नाहीत. पोळ्याला भागीरथा चारही मागांना ओवाळते, कणकेचे बैल त्यांच्यापुढं ठेवते. अलीकडे मशीनलाही बोटं लावायची. रात्रभर जागते बिचारं, म्हणायची. काल लावलेली ती बोटं नेमकी तिथं होती, जिथं पडद्यावर घड्याळ असतं.

प्रणालीनं ओढणीचं टोक थुंकीनं ओलं करून ठसा पुसला.

खालून तारीख निघाली. एक जानेवारी. आणि साल तिच्या शाळेच्या दिवसांतलं.

"माय," ती हळूच म्हणाली, "सकाळी मशीन बंद केलं होतं का वं?"

"झाडलं ना. मागाखालची लव, कचरा, सगळं काढलं. त्याचा प्लग काढला, डबा पुसला, परत लावला. काहून?"

"अन् इथं एक लहान डबी होती. लाल दिवा लुकलुके तिचा."

"ते दिलं मारबतीले." भागीरथा सहज बोलली. "चिरली होती ते. रातभर लाल डोळा करून पायत राहे. आजच्या दिवशी फुटकं-तुटकं घरात ठेवत नाहीत, पोरी. मीच फेकलं मारबतीच्या अंगावर. म्हटलं, आमच्या घरची पीडा घेऊन जाय."

खांबापाशी प्रज्वलनं मान वर केली. मोडलेल्या बोटांच्या वर, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "सेल," तो म्हणाला. "आतला सेल मेला हाय. गुंडीएवढा असते ना... काकांले म्हणत होतो, बदलू म्हणून. वीज गेली का मशीनले वेळ याद राहत नाही. ते त्या डबीतून, नेटवरून, विचारून घेत जाय."

"आज विचारायले कोणी नव्हतं," प्रणाली म्हणाली.

"म्हणजे काय?" वैभव खेकसला.

"म्हणजे आजचं चित्र साठलं हाय, दादा. पण मशीनले आज कोणता दिवस हाय, तेच माहीत नाही. त्यानं आजचं सगळं जुन्या तारखेत घालून ठेवलं. कोणीच नाही पुसलं."

तेवढ्यात चौकात काळी मारबत वळली, मोठा गलका झाला आणि दारातले पोट्टे सुटले. "चाल ना बे वैभव! तो श्रीधर पळून जाईन!" वैभव बांबू आडवा धरून दाराकडे धावला. "थांबा! एक मिनिट थांबा बे!"

प्रणालीनं जुनी तारीख उघडली. सकाळ होती तिथं, तुकड्यातुकड्यांत. पण ती बघत असतानाच वरचा पहिला तुकडा नाहीसा झाला. मग त्याच्याखालचा.

"प्रज्वल! हे जाऊन काहून राहिलं?"

"जागा भरत आली का सगळ्यात जुनं आधी खाते ते," प्रज्वल घाईनं म्हणाला. "मीच लावलं तसं. त्याच्या हिशेबानं हेच सगळ्यात जुनं. थांबव त्याले! आधी थांबव!"

दोष एका मेलेल्या सेलचा, आणि त्या दोषावर दिलेला हुकूम निमूटपणे पाळणारा एक प्रोग्राम. दोघं मिळून सकाळ गिळत होते. प्रणालीनं बोटं चालवली. आणखी एक तुकडा गेला. मग थांबलं. पहाटेचं, सड्याचं, भागीरथेच्या झाडण्याचं गेलं होतं. मिरवणुकीचं उरलं होतं.

तिनं ते लावलं. आवाज नव्हता. नुसती रंगीत, मुकी गर्दी.

पायरीवर जागेश्वर उभा होता, मारबतीला हात जोडून. शेजारी श्रीधर. काल कॉलर धरणाऱ्या त्या पोराच्या खांद्यावर म्हाताऱ्यानं हात टाकला, काहीतरी म्हणाला, दोघंही हसले. त्यांच्यापुढं, त्यांच्याकडे पाठ करून, वैभव नाचत होता. दोन्ही हातांत बांबू. बडग्या रेटत आला, वाट मिळेना, वैभवनं गर्दी हटवायला बांबू डोक्यावरून गर्रकन फिरवला. पुढचे लोक मागं सरले. बांबूचं दुसरं टोक मागं गेलं.

जागेश्वरचं मुंडासं उडालं. तो बसल्यासारखा झाला, मग आडवा. वैभवनं वळून पाहिलं नाही. त्याला कळलंच नव्हतं काही, तो नाचत होता, गर्दीनं त्याला उचललं आणि पुढं नेलं. श्रीधरनं म्हाताऱ्याला छातीशी धरलं, अंगातल्या शर्टाचं टोक डोक्याला दाबलं, तोंड उघडून ओरडत राहिला. ढोलांत कोणालाच ऐकू गेलं नाही. मग तो ऑटो शोधायला पळाला, रक्तानं भिजलेला.

प्रणालीच्या खांद्यावर आईचा श्वास होता. म्हातारीनंही पाहिलं होतं.

"पुस," भागीरथा म्हणाली. इतक्या हळू, की पुटपुटणंच वाटावं. "ते खाऊन राहिलं होतं ना मघाशी? खाऊ दे त्याले. पुस वं माय. एक तिकडे पडला हाय. दुसरा बी नको नेऊ माह्या घरातून."

प्रणालीनं फक्त एक कळ दाबायची होती. मशीननं पुन्हा खायला घेतलं असतं आणि कोणालाच कधी कळलं नसतं. चूक सेलची, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. दादा रात्री बापाच्या उशाशी बसला असता, पाय चेपत.

तिनं मागाकडे पाहिलं. प्रज्वल काहीच मागत नव्हता, तो आपल्या हाताकडे बघत होता. पट्टीवर तीन बोटं अजून सरळ होती. दाराबाहेर बाटलीचं झाकण उघडल्याचा वास आला.

"माय," ती म्हणाली, "श्रीधरच्या घरात त्याची बायको हाय, दुधपिता पोरगा हाय." आणि मोठ्यानं हाक मारली, "दादा! इकडे ये. एकटा ये."

वैभव आला. बांबू हातात. तिनं परत लावलं.

तो उभ्यानं बघत होता. बापाचं हसणं आलं तेव्हा त्याचं तोंड किंचित उघडलं. बांबू फिरला. मुंडासं उडालं. प्रणालीनं थांबवलं नाही, श्रीधर ओरडतो तिथपर्यंत चालू दिलं.

"खोटं हाय," वैभव म्हणाला. "बनवलं यानं. आजकाल बनवते लोक."

"त्याचे हात बांधले हायत, दादा. बोटं तू मोडली."

वैभवनं बांबू फिरवला. पडदा फुटला, काच प्रणालीच्या मांडीत, केसांत, आईच्या पायांवर सांडली. दुसरा फटका टेबलावर बसला. तिसऱ्यासाठी तो खालच्या डब्याकडे वळला, कारण इतकं त्यालाही कळत होतं, की चित्र काचेत राहत नाही. प्रणाली स्टुलावरून उतरून डब्यापुढं बसली. गालातून रक्त येत होतं.

"मार," ती म्हणाली.

बांबू वर होता. भागीरथेनं तो धरला. जोर नव्हता तिच्या हातांत, नुसता धरला. गुलाल चोळून काढावा तशी तिनं ते टोक अंगठ्यानं पुसलं. गुलालाखाली काळं होतं, आणि त्या काळ्यात चिकटलेले दोन पांढरे केस.

"हे बाबाचे," ती म्हणाली. "सकाळीच तेल लावलं होतं मी."

वैभवनं हात सोडला. बांबू आईच्या हातात राहिला. मग त्यानं दोन्ही मुठी आपल्याच कपाळावर आदळल्या. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, मागाच्या ठोक्यासारख्या, भुवई फुटेपर्यंत.

"वैभव! काय दिसलं बे? श्रीधरच ना?" दारातून हाका आल्या.

तो डगमगत दाराकडे गेला. प्रणालीला वाटलं, हा आता मागच्या बाजूनं पळेल, किंवा होय म्हणेल. त्यानं पहिल्या पोट्ट्याच्या हातातून पेट्रोलची बाटली हिसकली आणि गटारात उपडी केली.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"मी मारलं. माह्या बांबूनं. श्रीधरनं धरलं होतं बाबाले. मी मारलं."

ढोल दूर गेले होते. कोणीतरी पहिली शिवी दिली, कोणीतरी पहिला हात टाकला. सकाळपासून ज्या रागाला श्रीधर हवा होता, त्याला आता हा सापडला होता. वैभव पायरीवर बसला, बाप पडला होता त्याच जागी, आणि त्यानं डोकंसुद्धा झाकलं नाही.

"कोणी पोलिसांले लावा रे फोन!" भागीरथा बांबू टेकत बाहेर धावली. "सरा! माह्या लेकाले मारू नका, पोलिसांले द्या!" मघाशी पुसायला सांगणारी बाई पोराच्या अंगावर पदर आणि पाठ घालून बसली.

प्रणालीनं प्रज्वलच्या दोऱ्या कापल्या. तो जमिनीवर बसला, मोडलेला हात मांडीत घेऊन, तान्हं घ्यावं तसा.

"चालू हाय का?" त्यानं विचारलं.

तिनं डब्यावर तळवा ठेवला. डिस्क गुणगुणत होती. "हाव. पडदाच फुटला."

"मंग आधी तारीख लाव. बाहेर जे होऊन राहिलं, ते जुन्या सालात जाईन नाही तर."

पडदा नव्हता. अंधारात धागा ओवावा तशी ती ओवत गेली, एकेक अक्षर. प्रज्वल सांगत होता, ती दाबत होती. वर्ष, महिना, आजचा दिवस. चुकलं की बरोबर, दिसायला काही साधन नव्हतं. बाहेर काठीचा आवाज आला आणि आईचा.

तिनं शेवटची कळ दाबली, डबा पोटाशी धरला आणि दाराकडे ओरडली, "कॅमेरा सुरू हाय! सगळ्याईची तोंडं येऊन राहिली त्यात! आजच्या तारखेनं!"

पायरीवर मारणारे हात एकेक करून वरच थांबले, खाली आले नाहीत.